तेव्हा समुद्र कुठे होता?

पृथ्वी पूर्वीही तापली होती, हे तर निसर्गाचे चक्रच आहे, त्यात घाबरण्यासारखे काय? हा युक्तिवाद सभांतून, वाहिन्यांवरून आणि शिकल्यासवरलेल्यांच्या बैठकीत वारंवार ऐकू येतो. आम्ही तो झटकून टाकत नाही. तो तपासून घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. पृथ्वी पूर्वी तापली होती हे शंभर टक्के खरे. पण मग पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. ती तापली तेव्हा समुद्र कुठे होता?

याची साक्ष द्यायला दगड तयार आहेत. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर ग्रॅनाइटच्या खडकांना चिकटलेले जुने प्रवाळ आजच्या पाण्याच्या कितीतरी वर, कोरड्यात सापडतात. प्रवाळाला उजेड लागतो, त्यातल्या काही जाती पाण्याच्या अगदी वरच्या थरातच वाढतात. म्हणजे तो प्रवाळ जिवंत होता तेव्हा समुद्र तिथवर होता. त्यातील युरेनियम आणि थोरियम यांच्या प्रमाणावरून वय काढता येते. ते निघाले सुमारे सव्वा लाख वर्षे. बर्फाच्या ओझ्याने जमीन दबते, ओझे उतरले की वर येते, म्हणून ध्रुवांजवळच्या किनाऱ्यावरील खूण फसवी ठरू शकते. सेशेल्स त्या ओझ्यापासून फार दूर आहे. तेथील अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्या काळी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण साडेसात मीटर उंच होती, चूकभूल पावणेदोन मीटर. जगभरचे पुरावे एकत्र करून संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीने २०२१ मध्ये ५ ते १० मीटर हा अंदाज दिला. आणि तापमान? औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत अर्धा ते दीड अंश जास्त. फक्त एवढेच! आज आपण त्याच पट्ट्यात उभे आहोत. २०२४ हे वर्ष तर दीड अंशाची रेषा ओलांडून गेले.

एवढे पाणी आले कुठून? ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. पण ग्रीनलँडच्या उत्तरेत खोदून काढलेल्या बर्फाच्या गाभ्याने २०१३ मध्ये दाखवून दिले, की त्या उष्ण काळातही तेथील बर्फ पातळ झाला, संपला नाही. हिशेब पुरा होत नाही म्हटल्यावर बोट दक्षिणेकडे, पश्चिम अंटार्क्टिकाकडे वळते. तेथील हिमथर समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या तळावर टेकलेला आहे, त्यामुळे कोमट पाणी त्याला खालून पोखरू शकते. जॉन मर्सर या संशोधकाने हा धोका १९७८ सालीच छापून सांगितला होता. कोळसा आणि तेल असेच जाळत राहिलो तर हा थर कोसळून समुद्र ५ मीटर चढू शकतो, असे त्याचे म्हणणे. त्या वेळी अनेकांना ते अतिरंजित वाटले.

मर्सरच्या बाजूने एक साक्षीदार २०२३ मध्ये पुढे आला, तोही ऑक्टोपस! अंटार्क्टिकाच्या तळाशी राहणारा हा प्राणी लांबचा प्रवास करीत नाही. वेडेल समुद्र आणि रॉस समुद्र यांच्यामध्ये आज बर्फाचा प्रचंड थर आडवा आहे. तरीही दोन्हीकडच्या ऑक्टोपसांच्या जनुकांत असे दिसले, की त्या उष्ण काळात त्यांचे पूर्वज एकमेकांत मिसळत होते. म्हणजे मधून समुद्राची वाट खुली असली पाहिजे. सरकार, कंपनी, पक्ष यांच्याशी ऑक्टोपसाचे काही देणेघेणे नाही, त्यामुळे त्याला विकत घेतला असे म्हणण्याची सोय नाही.

आणखी मागे जा. १९६६ मध्ये अमेरिकी लष्कराने ग्रीनलँडच्या कॅम्प सेंच्युरी तळावर जवळजवळ १४०० मीटर बर्फ भेदून खालची माती काढली. याच बर्फाखाली अण्वस्त्रे लपवण्याचा बेत त्या लष्कराने आखला होता, तो भाग वेगळा. ती माती पुढे दशकानुदशके शीतकपाटात विसरून पडली. अखेर तपासली तेव्हा तीत काटक्या, पाने, शेवाळ निघाले, आणि ती जागा सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी बर्फाविना उघडी होती हे २०२३ मध्ये जाहीर झाले.

आता युक्तिवाद करणारे म्हणतील, तेव्हा तर कारखाने नव्हते. बरोबर. सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या कक्षेतील बदलामुळे उत्तर गोलार्धाचे उन्हाळे प्रखर झाले होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भागांच्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. केवळ उन्हाच्या फेरफाराने जर हे बर्फ डगमगले, तर आजच्या धुराने ते अढळ राहील, हे कोणत्या आधारावर मानायचे?

सहा मीटर पाणी उद्या सकाळी येणार नाही. त्याला शतके लागतील. आयपीसीच्या अंदाजानुसार तापमानवाढ दीड अंशावर थांबली तर पुढील २००० वर्षांत समुद्र २ ते ३ मीटर चढेल, दोन अंशांवर थांबली तर २ ते ६ मीटर. वरवर किरकोळ वाटणाऱ्या अर्ध्या अंशाची ही किंमत आहे. मग दोन अंश ही मर्यादा ठरवली कोणी? २००९ च्या कोपनहेगन परिषदेत दीड अंशाचा आग्रह धरणारी तुवालूसारखी चिमुकली बेटे होती. बड्या राष्ट्रांनी आपसांत जुळवलेल्या मसुद्यात मात्र दोनच राहिले. २०१५ च्या पॅरिस करारात दीड अंशाला जागा मिळाली, तीही प्रयत्न करण्यापुरती. आकडे झाकण्याची रीतही जुनीच. २००७ च्या अहवालात या शतकासाठी १८ ते ५९ सेंटिमीटर वाढ सांगितली होती, पण हिमथर वेगाने सरकू लागल्यास होणारी भर त्यात धरलेली नाही, हे तिथेच नमूद होते. बातम्यांत ५९ चा आकडा आला, तळटीप गळाली. मर्सरचा इशारा त्या तळटिपेतच होता.

तुवालूची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास. या देशाने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला, तो २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार दरवर्षी तुवालूच्या २८० माणसांना ऑस्ट्रेलियात जाऊन राहता येईल. कोणी जायचे, हे चिठ्ठ्या काढून ठरते.