पोटात गेले, पण अंगी लागले काय?

खाल्लेले 'अंगी लागणे' हा मराठी घरांतील जुना वाक्प्रचार आहे. मूल किती जेवले यापेक्षा जेवलेले त्याच्या अंगी लागते की नाही, याची काळजी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करीत आल्या. आहारशास्त्राने या काळजीला 'शोषण' हे नाव दिले आणि तिचे मोजमापही केले. आज शहरी मध्यमवर्गाच्या मासिक खर्चात जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या गोळ्यांनी कायमची जागा मिळविली आहे. अशा वेळी हा जुना प्रश्न मात्र कोणी विचारीनासे झाले आहे. गोळी कोणत्या कंपनीची, तिच्यात किती घटक आणि तिची किंमत काय, एवढ्यावर निवड होते. तिच्यातील किती भाग रक्तात पोचतो, हा हिशेब राहून जातो.

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस वसलेले नया नगर या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मुंबईतील जागा परवडेनाशी झाली, तेव्हा गेल्या चार दशकांत अनेक कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. ही दाट इमारतींची आणि प्रामुख्याने मुस्लिम कुटुंबांची वस्ती आहे. सकाळची लोकल गाठणारा कारकून, शाळा आटोपून शिकवण्या घेणारी शिक्षिका, परीक्षेसाठी जागणारा विद्यार्थी हे येथील नित्याचे रहिवासी. दिवस कचेरीत किंवा वर्गात जातो आणि संध्याकाळ गाडीच्या गर्दीत. ऊन अंगावर पडण्याचा प्रसंग क्वचितच येतो आणि जेवणाच्या वेळा चहाने भरून निघतात. थकवा आला की औषधाच्या दुकानात 'ताकदीची गोळी' मागितली जाते. हे चित्र नया नगरचेच आहे असे नाही. डोंबिवली, विरार किंवा पिंपरी येथेही ते असेच दिसेल.

ही मागणी निव्वळ जाहिरातीने निर्माण केलेली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. प्रगत म्हणविणाऱ्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात पुरेसे रक्तद्रव्य नसावे आणि ते प्रमाण वाढावे, ही लाजिरवाणी गोष्ट होय. तेव्हा पूरक गोळ्या घ्याव्यात की नाही, हा वाद येथे गौण आहे. मर्यादित मिळकतीतील जो रुपया त्यांवर खर्च होतो, तो कारणी लागतो काय, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईचाच एक धडा

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईनेच जगाला दिले आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधिका गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आली. विविध समाजांतील स्त्रियांच्या आहाराची तिने तुलना केली. गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वाधिक होता, असे तिला आढळले. त्या काळी रक्तक्षयाच्या एका प्रकारावर यकृताचा शुद्ध केलेला महागडा अर्क दिला जात असे. या स्त्रियांना त्याचा गुण येईना. गुण आला तो यीस्टपासून बनविलेल्या 'मार्माइट' या स्वस्त खाद्यपदार्थाने. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हा गुणकारी घटक वेगळा करण्यात आला आणि लॅटिनमधील 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'फॉलिक आम्ल' हे नाव मिळाले. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या चमूचे नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या सुपुत्राकडे होते. आज सरकारी केंद्रांत गर्भवतींना विनामूल्य मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत हेच आम्ल असते. नेमकी उणीव ओळखली तर स्वस्त उपाय महाग उपायाला मागे टाकू शकतो, हा या इतिहासाचा बोध आहे.

बाजाराचा कल याच्या उलट असतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, आरोग्याच्या बाजारात विकणाऱ्यास जेवढे ठाऊक असते तेवढे घेणाऱ्यास नसते आणि म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. गोळी अंगी लागली की नाही, हे ग्राहकाला जिभेवर कळत नाही. मग तो किमतीलाच गुणाची खूण समजतो. यात कायद्याची एक फट भर घालते. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतील लोहाच्या गोळीला २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत लागू होते. तेच लोह 'आरोग्यपूरक' म्हणून विकले की ते अन्न ठरते आणि किंमत नियंत्रणातून सुटते. अशा डबीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापावे लागते. परंतु ती मिळते औषधाच्याच दुकानात आणि घेतली जाते औषध म्हणूनच.

लेबलावरील आकडा आणि रक्तातील आकडा

शोषणाचा पहिला नियम असा की, क्षाराचे वजन म्हणजे खनिजाचे वजन नव्हे. फेरस फ्युमरेटच्या वजनात लोह सुमारे ३३ टक्के असते, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये अवघे १२ टक्के. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के आणि सायट्रेटमध्ये सुमारे २१ टक्के. म्हणजे १२५० मिलीग्रॅम कार्बोनेट ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम देते, तर १००० मिलीग्रॅम सायट्रेट जेमतेम २१०. वेष्टनावरील मोठा आकडा कशाचा आहे, हे पाहिल्याखेरीज दोन डब्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

दुसरा नियम सोबतीचा. लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा वनस्पतिजन्य लोहाचे शोषण निम्म्याहूनही खाली आणू शकतो. कॅल्शियमही लोहाच्या वाटेत येते. म्हणून लोह आणि कॅल्शियम वेगवेगळ्या वेळी घ्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. मग पंचवीस-तीस घटक एकाच गोळीत कोंबल्याचा अभिमान बाळगणारी 'ताकदीची गोळी' काय साधते? एकमेकांच्या पायात पाय घालणारे घटक एका पिशवीत भरून ती चढ्या भावाने विकली जाते, इतकेच.

तिसरा नियम वेळेचा आणि मात्रेचा. कॅल्शियम एका वेळी ५०० मिलीग्रॅमपर्यंतच नीट शोषले जाते. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे. सायट्रेटला ती अट नाही. ड जीवनसत्त्व स्निग्धांशात विरघळणारे असल्याने ते जेवणासोबत घेणे हिताचे. लोहाच्या मोठ्या मात्रेनंतर शरीर सुमारे एक दिवस लोहाचे शोषण स्वतःच आवरते. लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांमध्ये एका दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोहाचा अधिक अंश शोषला जातो, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. अर्थात गर्भवतींनी सरकारी कार्यक्रमाचा किंवा डॉक्टरांचा क्रम सोडू नये. ब-१२ हे वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसते आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत त्याचे शोषण घटू शकते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तासांच्या अंतराने घ्यावे.

रमजानच्या महिन्यात नया नगरातील घरांत हे नियम सहज पाळता येतील. इफ्तारीची फळे आणि लिंबाचे सरबत यांच्यासोबत लोहाची गोळी घ्यावी, चहा तासा-दीड तासाने; कॅल्शियम सहरीच्या जेवणाबरोबर. या बदलाला एका पैशाचाही खर्च नाही. मांसाहारी घरांना आणखी एक अनुकूलता आहे. मांसातील लोह वनस्पतीतील लोहापेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात शोषले जाते आणि सोबतच्या डाळ-भाजीतील लोहाचे शोषणही वाढविते. गर्भवतींनी मात्र कलेजीचा अतिरेक टाळावा. तिच्यातील अ जीवनसत्त्वाचे मोठे प्रमाण गर्भास अपायकारक ठरू शकते.

महाग क्षार सर्वस्वी निरर्थक असतात, असा याचा अर्थ नाही. साध्या फेरस सल्फेटने ज्यांना मळमळ किंवा बद्धकोष्ठ होतो, त्यांना दुसरा क्षार मानवू शकतो. आणि जी गोळी पोटाला सोसत नाही म्हणून बंद होते तिचे शोषण शून्यच. परंतु हा निर्णय अनुभवावरून आणि सल्ल्याने व्हावा, जाहिरातीवरून नव्हे. त्याचप्रमाणे तपासणीवाचून गोळ्या गिळत राहणेही धोक्याचे आहे. थॅलेसेमियाच्या वाहकांतही रक्तपेशी लहान दिसतात, पण त्यांना लोहाची उणीव असतेच असे नाही. अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात आणि अतिरेकाने अपाय करतात.

एवंच, ग्राहकाने तीन प्रश्न विचारावेत: कोणती उणीव तपासणीत सिद्ध झाली आहे, गोळीत प्रत्यक्ष खनिज किती आहे आणि ती कशाबरोबर व केव्हा घ्यायची आहे. पण सारा भार ग्राहकावर टाकून शासनाने मोकळे होणे योग्य नव्हे. प्रत्येक वेष्टनावर प्रत्यक्ष खनिजाचे प्रमाण मोठ्या अक्षरांत आणि मराठीत छापणे सक्तीचे व्हावे. जो घटक औषध म्हणून किंमत नियंत्रणाखाली आहे, तो त्याच मात्रेत अन्नाच्या नावाखाली विकला तरी तेच नियंत्रण लागू व्हावे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत लोहाची गोळी देताना चहा आणि लिंबू यांविषयीची दोन वाक्ये मराठीत, हिंदीत आणि उर्दूत सांगितली जावीत. या गोळीवर सार्वजनिक पैसा खर्च होतच आहे. तिच्यापाठोपाठ घेतलेल्या चहामुळे तो वाया जात असेल, तर तो दोष गोळी घेणाऱ्या स्त्रीचा नव्हे. गोळी हातात ठेवून सूचना गिळून टाकणाऱ्या व्यवस्थेचा आहे.