काळी-पांढरी : फळीवरचा सल्ला

सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन 1933 साली सुरू झाले, आणि अवर्षणाच्या या मुलखात पावसाचे पाणी जिथल्या तिथे कसे जिरवावे, कोळपणीने जमिनीतील ओल कशी राखावी, याचा जो शोध कानिटकरांसारख्या संशोधकांनी घेतला, तो पुढे 1968 साली स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे वारसाहक्काने चालत आला. हा वारसा सामान्य नव्हे. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी 35-1 ज्वारी आजही जिल्ह्याच्या काळ्या रानात उभी असते. तिच्यामागून हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा, असे मातीच्या खोलीगणिक वाण निघाले.

इतकी विद्या पदरी असताना शेतकरी सल्ला विचारावयास जातो कोठे? सांगोल्याच्या वा पंढरपूरच्या पेठेत कृषिसेवा केंद्राच्या फळीपुढे घटकाभर उभे राहावे. तेल्याचे डाग पडलेले डाळिंब शेतकरी पिशवीतून काढतो, दुकानदार ते उलटेपालटे करून पाहतो, दोन बाटल्या पुढे सरकवतो आणि रक्कम उधारीच्या वहीत मांडतो. तेल्या हा जिवाणूंचा रोग. रोगट फांद्यांची छाटणी, बागेची स्वच्छता, झाडांना विश्रांती ही पथ्ये पाळल्यावाचून तो आटोक्यात येत नाही, आणि पथ्य काही बाटलीत भरून विकता येत नाही. तरी दुकानदारास बोल लावण्यात अर्थ नाही. तो दिवसभर हजर असतो, गिऱ्हाइकास नावाने ओळखतो.

विद्यापीठाची शिफारस मात्र कृषी खात्यामार्फत, परिपत्रकांच्या वाटेने, अनुदानाचे अर्ज आणि पंचनामे यांत बुडालेल्या सहायक कृषी अधिकाऱ्यापर्यंत पोहोचते. रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, एवढाच. त्यात ‘माझ्या रानात वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर बी कोणते घेऊ?’ या प्रश्नाचे उत्तर जिल्हाभर धाडलेल्या एका संदेशात कसे मिळावे? संशोधन विद्यापीठाचे आणि प्रसार खात्याचा, ही वाटणी कारकुनी सोयीची आहे. तिच्यामुळे दिलेल्या सल्ल्याचा जबाबदार धनी कोणीच उरत नाही.

तेव्हा विद्यापीठाने आपल्या मुळेगावच्या संशोधन प्रक्षेत्रावरील शास्त्रज्ञांना पेरणीपूर्वी तालुक्यांच्या आठवडे बाजारी बसवावे, सल्ला सही-तारखेनिशी लेखी द्यावा, आणि सुगीनंतर त्याच बांधावर जाऊन पदरात काय पडले याची नोंद घ्यावी. यासाठी नवे खाते नको. भाद्रपदाच्या आत एक हुकूम निघाला तरी पुरे.