पुढची काच : ‘कंपनीची’ की ‘बाहेरची’, एवढाच प्रश्न आता पुरेसा नाही

नवी दिल्ली : महामार्गावर पुढे धावणाऱ्या डंपरमधून सांडलेली खडी चाकाखालून उडते, मोटारीच्या पुढच्या काचेवर नखाएवढा टवका पडतो आणि आठवड्याभरात त्यातून निघालेली रेघ काचेच्या कडेपर्यंत पोहोचते. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात उभी असलेली गाडी उघडून वातानुकूलन एकदम पूर्ण जोरात सुरू केले, तर तेवढाही वेळ लागत नाही. त्यानंतर सेवा केंद्रात किंवा काचेच्या दुकानात वाहनमालकाला ठरलेला प्रश्न विचारला जातो : ‘कंपनीची बसवायची की बाहेरची?’ दोहोंच्या दरांत मोठे अंतर असते आणि निर्णय बहुधा त्या अंतराकडे पाहूनच होतो. मोटारीची पुढची काच ही केवळ वारा अडवणारी वस्तू होती, तोवर या पद्धतीत फारसे बिघडत नव्हते. आता त्याच काचेमागे कॅमेरा बसला आहे आणि ब्रेक केव्हा लावायचा, याचा निर्णय काही गाड्यांत तो घेऊ लागला आहे.

मुळात ‘कंपनीची काच’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. मोटार उत्पादक कंपन्या सहसा स्वतः काच बनवत नाहीत. भारतात प्रवासी मोटारींच्या काचांमध्ये सर्वांत मोठा वाटा असलेली आसाही इंडिया ग्लास ही कंपनी जपानमधील एजीसी, मारुती सुझुकी आणि लाब्रू कुटुंब यांच्या भागीदारीतून उभी राहिली. फ्रान्सच्या सेंट-गोबेन समूहातील सेक्युरिट ही कंपनी पुण्याजवळ चाकणला विंडशील्ड तयार करते. अशा कारखान्यांतून निघालेली काच मोटार कंपनीचे बोधचिन्ह घेऊन तिच्या सुट्या भागांच्या साखळीत जाते. तोच काच उत्पादक केवळ स्वतःचे नाव असलेली काच खुल्या बाजारातही विकतो. आसाही इंडियाची तर काचा बदलून देणाऱ्या केंद्रांची स्वतःची साखळी आहे. त्यामुळे ‘बाहेरची’ म्हणून कमी दरात मिळणारी काच अनेकदा त्याच उत्पादकाची असते, ज्याने मूळ काच पुरवली होती. बोधचिन्हाची किंमत मात्र बिलात वेगळी दाखवली जात नाही.

याचा अर्थ सर्व काचा सारख्या, असा काढणे चुकीचे ठरेल. खुल्या बाजारात तिसराही प्रकार असतो. मूळ आराखडा हाती नसताना तयार काचेची मापे घेऊन बनवलेली ही काच दिसायला तशीच असते. पण वक्रतेत किंचित फरक राहतो, कडेला चित्र लहरते, पावसाळ्यात रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश फाटल्यासारखा दिसतो. पुढची काच म्हणजे काचेचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लास्टिकचा पापुद्रा. हा पापुद्रा सामान्यतः पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. आघातानंतर तुकडे धरून ठेवण्याचे काम तोच करतो. म्हणून पुढची काच तडकते, पण मागच्या वा बाजूच्या कडक केलेल्या काचेप्रमाणे तिचा चुरा होऊन खाली पडत नाही. महागड्या गाड्यांत हा पापुद्रा आवाज शोषणाऱ्या प्रकारचा असतो. तो नसलेली स्वस्त काच बसवली, तर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचा आवाज वाढल्याचे मालकाला जाणवते आणि दोष कशाचा, ते मात्र कळत नाही.

या तिसऱ्या प्रकारापासून बचाव करण्याचे साधन काचेवरच छापलेले असते, आणि ते वाचायला एक मिनिटही लागत नाही. काचेच्या खालच्या कोपऱ्यात असलेल्या छाप्यात उत्पादकाचे नाव, भारतीय मानक ‘आयएस २५५३’चा उल्लेख आणि आयएसआय चिन्ह परवाना क्रमांकासह असायला हवे. निर्यातीच्या दर्जाच्या काचेवर वर्तुळातील ई अक्षर व आकडा आणि त्यालगत ‘४३ आर’ हा संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीचा क्रमांकही आढळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० नुसार पुढची काच थरांची म्हणजेच लॅमिनेटेड असणे आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जाणे बंधनकारक आहे. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने २०२० मध्ये सुरक्षा काचेसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून आयातीत मालालाही भारतीय मानक चिन्हाच्या कक्षेत आणले. उद्योगाच्या मागणीमुळे त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढे गेली, हेही खरे. छापाच नसलेली किंवा खरवडलेली काच कितीही स्वस्त असली तरी परत पाठवावी, याबाबत दुमत होण्याचे कारण नाही.

कॅमेरा नसलेली, पाच-सात वर्षे वापरलेली गाडी असेल, तर नामांकित उत्पादकाची, मानक चिन्ह असलेली बाजारातील काच हा समंजस पर्याय आहे. तेथे मोटार कंपनीच्या बोधचिन्हासाठी जादा पैसे मोजण्यास ठोस तांत्रिक आधार दिसत नाही. खरा पेच नव्या गाड्यांचा आहे.

२०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० आणि एमजीच्या अ‍ॅस्टर या गाड्यांनी चालकाला साहाय्य करणारी ‘अडास’ यंत्रणा मध्यम किमतीच्या वर्गात आणली. त्यानंतर होंडा सिटीची हायब्रीड आवृत्ती, ह्युंदाई व्हर्ना, किया सेल्टॉस, टाटा हॅरियर आणि २०२४ मध्ये क्रेटाची नवी आवृत्ती व महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ, अशी ही यादी वाढत गेली. या यंत्रणेचा मुख्य कॅमेरा बहुतेक गाड्यांत आतल्या आरशामागे, काचेला लागून असतो. तो रस्ता काचेतूनच पाहतो. त्यामुळे काचेची जाडी, वक्रता आणि कॅमेऱ्याचा आधार चिकटवण्याची जागा या तिन्ही गोष्टी त्याच्या दृष्टीचा भाग होतात. कॅमेऱ्याची दिशा केवळ एका अंशाने ढळली, तर ५० मीटर अंतरावर सुमारे ८७ सेंटीमीटरचा फरक पडतो. साडेतीन मीटर रुंदीच्या मार्गिकेत हा चौथा हिस्सा झाला. शेजारच्या मार्गिकेतील मालमोटार आपल्यासमोर आहे, असा समज करून घेऊन ब्रेक लावणारी किंवा समोरचे वाहन बाजूला आहे असे मानून स्वस्थ राहणारी यंत्रणा ही असलेल्यापेक्षा नसलेली बरी.

म्हणून अशा गाडीत काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा व मोजमाप पुन्हा जुळवून घेणे, गरजेचे असते. ते दोन प्रकारे होते. सपाट जमिनीवर गाडी उभी करून समोर ठरावीक अंतरावर आकृत्यांचे फलक ठेवले जातात. किंवा निदान उपकरण जोडून गाडी ठरावीक वेगाने, स्पष्ट पांढरे पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवली जाते. काही गाड्यांना दोन्ही लागतात. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारासाठी सलग पट्टे आखलेला रस्ता शोधावा लागतो, हा भाग वेगळा. आणखी एक गुंतागुंत अशी की एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या आवृत्त्यांच्या काचा वेगळ्या असतात : कुणाला कॅमेऱ्याचा आधार, कुणाला पावसाचा संवेदक, कुणाला दोन्ही नाही. दुकानदाराने केवळ मॉडेलचे नाव ऐकून काच मागवली, तर चुकीची काच येते आणि मग संवेदक ‘बसवून घेण्याचे’ प्रयोग सुरू होतात. काच मागवताना वाहनाचा चासी क्रमांक देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. कॅमेरा असलेल्या गाडीत मूळ प्रमाणकानुसार बनलेलीच काच घ्यावी आणि कॅलिब्रेशन झाल्याचा अहवाल छापील स्वरूपात मागावा. इथे काटकसरीला जागा नाही.

पण मग कॅलिब्रेशन कोण करणार? येथे हा विषय ग्राहकाच्या पसंतीपुरता राहत नाही, तो बाजाराच्या रचनेचा होतो. उपकरण, त्यातील सॉफ्टवेअर आणि फलकांची मापे ज्याच्या हाती, तोच काच कुठे बदलायची हेही ठरवतो. याची पूर्वपीठिका जुनी आहे. सुटे भाग व निदान उपकरणे स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना मिळू दिली जात नाहीत, या २०११ मधील तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ग्राहक एकदा गाडी घेऊन बसला की सुट्या भागांसाठी तो त्या कंपनीशी बांधला जातो आणि प्रत्येक कंपनी आपापल्या भागांच्या बाजारात वर्चस्व गाजवते, असा त्या आदेशाचा गाभा होता. भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना ते थेट खुल्या बाजारात विकण्यापासून रोखणाऱ्या अटींवरही आयोगाने बोट ठेवले. दंडाच्या आकारणीचा वाद पुढे अपिलांत वर्षानुवर्षे चालला. आदेशातील तर्क मात्र आजही दखल घेण्याजोगा आहे.

त्या आदेशातील एक निर्देश काच बदलताना थेट उपयोगी पडतो. गाडी बाहेर दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द होईल, अशी अट कंपन्यांनी घालू नये; बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, अशी आयोगाची भूमिका होती. तरीही ‘बाहेरची काच लावली तर वॉरंटी गेली’ हे वाक्य सेवा केंद्रांत सर्रास ऐकू येते. इंजिनच्या वॉरंटीचा काचेशी काय संबंध, असा प्रश्न ग्राहकाने लेखी विचारला की वाक्याचा सूर बदलतो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारवाहन हे चार क्षेत्रांपैकी एक आहे. पण माहिती पुस्तिका व सेवा केंद्रांचे पत्ते उपलब्ध करणे वेगळे आणि कॅलिब्रेशनचे सॉफ्टवेअर वाजवी दरात स्वतंत्र दुकानाला मिळणे वेगळे. लहान शहरांत अधिकृत केंद्र शंभर किलोमीटरवर असलेल्या मालकाला हा फरक चांगलाच कळतो.

काचेच्या नावाची चर्चा होते, ती बसवणाऱ्या हातांची होत नाही. काच लोखंडी चौकटीला पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने जोडली जाते आणि हा जोड गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो. अपघातात शेजारच्या आसनासमोरची एअरबॅग उघडताना अनेक गाड्यांत पुढच्या काचेचा आधार घेते. गाडी उलटल्यास छत दबू न देण्यातही काच हातभार लावते. जोड कच्चा असेल, तर कंपनीची अस्सल काचही त्या क्षणी चौकटीतून निसटेल. जुने चिकटद्रव्य योग्य जाडीपर्यंत कापणे, खरवडलेल्या जागी गंजरोधक प्रायमर लावणे, मुदत न उलटलेली नळी वापरणे आणि ते सुकेपर्यंत गाडी न चालवणे, ही कामे बिलावर दिसत नाहीत. एकघटकी पॉलियुरेथेन हवेतील आर्द्रता शोषून घट्ट होते. त्यामुळे कोकणातील दमट हवेत ते लवकर, तर राजस्थानातील कोरड्या हवेत उशिरा पक्के होते. ‘अर्ध्या तासात गाडी न्या’ असे सांगणाऱ्याला नळीवरची सूचना दाखवायला सांगावी. टवका लहान असेल, चालकाच्या नजरेच्या रेषेत नसेल आणि कडेपासून दूर असेल, तर रेझिन भरून तो थोपवणे हाच उत्तम मार्ग ठरतो. कारखान्यात बसलेला मूळ जोड त्यामुळे अबाधित राहतो.

आता पैशांचे. सर्वसमावेशक विमा पॉलिसीत काचेवर घसारा कापला जात नाही. प्लास्टिक वा रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते, काचेवर शून्य. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये. एवढे ऐकून बहुतेक जण दावा करतात आणि ‘नो क्लेम बोनस’ विसरतात. हा बोनस दावामुक्त वर्षांनुसार २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वाढतो व दावा होताच साधारणतः शून्यावर येतो. उदाहरणादाखल, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा हप्ता १० हजार रुपये आणि बोनस ५० टक्के असेल, तर मालक ५ हजार भरत असतो. दाव्यानंतर त्याला क्रमाने १० हजार, ८ हजार, साडेसात हजार, साडेसहा हजार आणि साडेपाच हजार भरावे लागतील. मूळ हप्ता स्थिर धरल्यास पाच वर्षांतील जादा भार १२,५०० रुपये होतो. १८ टक्के जीएसटीसह १४,७५०. प्रत्यक्षात वाहनाचे विमा मूल्य घटत असल्याने हा आकडा काहीसा कमी भरेल. तरीही लहान मोटारीची बाजारातील काच याहून कमी खर्चात बसत असेल, तर दावा न करणे फायद्याचे. बोनस संरक्षणाचे जोडकलम घेतलेल्यांना आणि कॅमेऱ्यासह महागडी काच असलेल्यांना हा हिशेब उलटा लागू होतो. दावा करायचाच असेल, तर कॅलिब्रेशनचा खर्च मंजुरीत धरला आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

काच उतरली की तिच्यावरचा फास्टॅगही निकामी होतो, कारण तो सोलून काढताच फाटेल अशीच त्याची रचना असते. जारी करणाऱ्या बँकेकडून त्याच खात्यावर बदली टॅग घ्यावा लागतो, अन्यथा पुढच्या नाक्यावर जादा पथकर भरावा लागतो. उष्णता परतवणारा धातूचा लेप असलेल्या काचेत टॅगसाठी लेपविरहित जागा ठेवलेली असते. टॅग तिथेच चिकटवला नाही, तर नाक्यावरचे यंत्र तो वाचत नाही. उच्च सुरक्षा नोंदणी पाटीसोबत मिळणारा, इंधनाचा प्रकार दाखवणारा होलोग्राम स्टिकरही जुन्या काचेबरोबर जातो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना ही पाटी बसवण्याची मुदत महाराष्ट्रात वारंवार वाढवली गेली. ज्यांनी रांगा लावून ती बसवून घेतली, त्यांना काच बदलल्यावर या स्टिकरसाठी पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि त्याची कल्पना काच बसवणारा सहसा देत नाही.