दोष पानांचा की आपला?

तामसीच्या आमच्या घरी मेंढीकोट हरला की आजोबा म्हणत, "पानंच वाईट आली!" गणितात नापास झालो तेव्हा मीही पेपरलाच दोष दिला.

पुढे ब्राउझरमध्ये एकट्याने खेळायचा फ्रीसेल सापडला. यात ५२ पाने सुरुवातीपासून उघडी! मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते. त्यांतला न सुटणारा एकच, क्रमांक ११९८२. मी मात्र रोज हरत होतो, आणि पानांना बोल लावायची सोय नव्हती.

म्हणून मित्रहो, माझे स्पष्ट मत आहे : झाकल्या पानांच्या क्लोंडाइकपेक्षा विद्यार्थ्याने हाच डाव मांडावा. 'चाल मागे घ्या' हे बटण मात्र दाबू नये. (मी दोनदा दाबले आहे.)

पुरवणी परीक्षेचा फॉर्म काल भरला.