वंशावळीचे दार ग्रंथालयात उघडावे

पितृपक्षात तर्पण करताना पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नामोच्चार होतो. माता, पितामही, प्रपितामही यांचे तसेच आजोळच्या पूर्वजांचेही स्मरण केले जाते. गुरुजी नाव विचारतात आणि अनेक घरांत तिसऱ्या नावापाशी यजमान अडखळतो. पणजोबांचे नाव कसेबसे आठवते, पणजीचे मात्र कोणालाच सांगता येत नाही. ज्या समाजाने पितृऋणाला देवऋण आणि ऋषिऋण यांच्या पंक्तीत बसविले, त्याच समाजातील सुशिक्षित कुटुंबांची स्मृती शंभर वर्षांत आटावी, ही गांभीर्याने घेण्याची गोष्ट आहे.

हे का घडले, हे उघड आहे. नोकरीसाठी गाव सुटले, एकत्र कुटुंबाचा वाडा विकला गेला, माळ्यावरची दप्तरे रद्दीत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली मोडी लिपी त्यानंतरच्या पिढ्यांना अनोळखी झाली. पणजोबांचे हस्ताक्षर हाती आले तरी ते वाचता येऊ नये, अशी अवस्था झाली. तथापि नोंदी पूर्णपणे नष्ट झालेल्या नाहीत. त्या विखुरल्या आहेत आणि गेल्या दोन दशकांत त्यांतील मोठा भाग संगणकाच्या पडद्यावर आला आहे. उणीव आहे ती त्या नोंदींपर्यंत सामान्य माणसाला हात धरून नेणाऱ्या जाणकाराची. ही उणीव गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये भरून काढू शकतात, आणि हे काम त्यांनी आपले मानले पाहिजे.

सर्व समाजाचा वारसा

वंशावळ म्हटली की महाराष्ट्रात कुलवृत्तांत आठवतात. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी परिश्रमपूर्वक आपले कुलवृत्तांत छापले, आणि ते कार्य मोलाचे आहे. परंतु ज्यांच्या घरात लिहिणारे होते, वर्गणी जमवणारे होते, त्यांचेच वृत्तांत छापले गेले. म्हणून बाकीच्यांना इतिहास नाही, असे मुळीच नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडल्या की हे स्पष्ट होते. यात्रेकरूचे नाव, गाव, वडील, भाऊ, मुले अशी नोंद तेथे होते. पुढच्या पिढीतील कोणी आला की तिच्याखाली नवी नोंद चढते. ब्राह्मण, मराठा, कुणबी, सुतार, कुंभार, तेली, माळी अशा नाना ज्ञातींतील कुटुंबांची नावे या वह्यांत आहेत. वही शोधण्याची किल्ली म्हणजे मूळ गाव आणि आडनाव. कोणत्याही राजाज्ञेवाचून समाजाने शतकानुशतके चालविलेली ही नोंदपद्धती जगात विरळा आहे.

या वह्यांचे मोल परदेशातील लोकांनी आपल्या आधी ओळखले. अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्र संस्थेने १९७७ पासून हरिद्वार आणि अन्य तीर्थक्षेत्रांतील वह्यांचे सूक्ष्मचित्रण सुरू केले. ही संस्था मॉर्मन चर्चने चालविलेली आहे. त्याच कार्याचा आजचा अवतार असलेल्या ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर हिंदू तीर्थयात्रा नोंदींचा स्वतंत्र संग्रह आहे. मॉर्मन पंथात मृत पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची धारणा आहे आणि वंशावळींच्या संग्रहामागे ती प्रेरणा आहे. नाझींच्या छळात बळी पडलेल्या ज्यूंची नावे या विधीत घेतली गेल्याचे उघड झाल्यावर ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला आणि १९९५ मध्ये त्याविषयी लेखी समझोता झाला. चिकाटी आणि शिस्त याबाबत या चर्चचे कौतुक करावे लागेल. त्यांच्या सूक्ष्मचित्रणामुळे काही वह्यांच्या प्रती सुरक्षित राहिल्या, हेही मान्य करावे लागेल. परंतु गंगेच्या घाटावर लिहिलेली आपल्या पूर्वजांची नावे पाहण्यासाठी दुसऱ्याच्या धर्मसंस्थेच्या दारात उभे राहावे लागणे भूषणावह नाही. तक्रार करून हे बदलणार नाही. तेच काम तितक्याच नेटाने आपण केले तर बदलेल.

ग्रंथपाल मार्गदर्शक व्हावा

अमेरिकेत या विषयाचा प्रसार झाला तो मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयांमुळे. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या मध्यम आकाराच्या शहरातील ॲलन काउंटी ग्रंथालयाचा वंशशोध विभाग त्या देशातील सर्वांत मोठ्या विभागांपैकी एक आहे. एरवी पैसे मोजावे लागतील असे नोंदींचे संग्रह तेथील अनेक ग्रंथालयांत वाचकाला विनामूल्य पाहता येतात. ‘फॅमिलीसर्च’नेही जगभरातील ग्रंथालयांना संलग्न करून घेतले असून काही नोंदींच्या प्रतिमा घरी न दिसता संलग्न ग्रंथालयातच दिसतात. म्हणजे इंटरनेटच्या काळातही ग्रंथालयाची पायरी चढण्याचे कारण तेथे शिल्लक राहिले आहे.

महाराष्ट्रातही शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या आसपास आहे. अपुरे अनुदान आणि रोडावणारे वाचक यांमुळे त्यांतील कित्येकांचा प्राण कंठाशी आला आहे. एक संगणक, एक जाणता ग्रंथपाल आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी एवढ्यावर तेथे वंशशोध कक्ष उभा राहू शकतो.

या कक्षात काय व्हावे? पहिला धडा हा की, शोधाचा आरंभ संगणकापासून न होता घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून व्हावा. मूळ गाव, कुलदैवत, आजोळ, जुनी टोपणनावे यांची टिपणे काढावीत. कुलदैवत हा स्थलांतराचा मोठाच पुरावा असतो. पोर्तुगीज राजवटीतील मूर्तिभंजनाच्या भयाने कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला हलविण्यात आला. गोव्यातून कोकणात, कारवारात पांगलेल्या घरांना आजही आपले मूळ त्या देवळाच्या नात्याने सांगता येते.

दुसरा टप्पा महसुली नोंदींचा. महसूल विभागाने अनेक जिल्ह्यांतील जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सेवेद्वारे उपलब्ध केले आहेत. खातेदार मृत झाल्यावर वारसांची नावे चढतात, म्हणून जुना फेरफार हा वंशवृक्षाची एक फांदीच असतो. गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातील जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांचे नाव, जन्मतिथी आणि गाव मिळते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात धारातीर्थी पडलेल्या मराठा पलटणींतील शिपायांचा शोध राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर घेता येतो. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही दिलेले आहे. साताऱ्या-रत्नागिरीतील कित्येक घरांत ‘आमचे एक चुलत पणजोबा लढाईवर गेले ते परतलेच नाहीत’ एवढेच सांगितले जाते. त्या वाक्याचा उत्तरार्ध तेथे मिळू शकतो.

यासाठी थोडे शास्त्र शिकावे लागते. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, फसली सनात साधारण ५९० मिळवावे लागतात. नारायणाचा नारो आणि विठ्ठलाचा विठू होतो. आडनावाऐवजी धंदा किंवा गाव लिहिलेले असते. नावे जुळली म्हणून माणूस तोच, असे धरता येत नाही. गाव, काळ आणि वडिलांचे नाव अशा तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. ही शिस्त न पाळणारा वंशवृक्ष म्हणजे निव्वळ कादंबरी. आणि मोडी? तिच्या अभ्यासवर्गासाठी ग्रंथालयासारखी दुसरी जागा नाही.

प्रश्न केवळ हौसेचा नाही

निवृत्तांच्या फावल्या वेळाचा हा छंद आहे, असे म्हणून कोणी तो बाजूला सारू नये. महाराष्ट्रात जातीचे प्रमाणपत्र मिळविताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांना शाळा नव्हती, जमीन नव्हती, स्थिर गावही नव्हते, त्यांनी हा कागद आणावा कोठून? २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तहसील कचेऱ्यांतील मोडी कागद वाचायला माणसे शोधावी लागली. आपल्याच पूर्वजांचे नाव आपल्याच भाषेत लिहिलेले असूनही ते दाखवण्यासाठी गोरगरिबाला दलालाचे पाय धरावे लागतात, तेव्हा ग्रंथालयातला विनामूल्य मदतीचा हात हे समरसतेचेच काम ठरते. वडार, कैकाडी, पारधी वस्तीतील तरुणाला त्याच्या पणजोबांचे नाव कागदावर दाखविणारा ग्रंथपाल व्याख्यानांपेक्षा अधिक काही साधतो.

सागरापलीकडील बांधवांनी हे आधीच जाणले आहे. १८३४ पासून मॉरिशसमध्ये गिरमिटिया म्हणून नेलेल्या सुमारे साडेचार लाख भारतीयांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांची नावे, वडिलांची नावे, गावे नोंदविलेली दप्तरे तेथील महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. तेथील भारतवंशीय आजही त्या नोंदींत आपले गाव शोधतात. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना ओसीआय कार्डाचे दार उघडले, त्यामुळे या कागदांना व्यावहारिक महत्त्वही आले. सुरिनाममध्ये १८७३ ते १९१६ या काळात गेलेल्या सुमारे ३४ हजार भारतीयांची सूची नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांसाठी खुली केली आहे. परकीयांच्या जहाजातून गेलेल्या मजुरांचे कूळ सापडते आणि गावातच राहिलेल्यांचे सापडत नाही, ही विसंगती आपल्या आळसामुळे आहे.

काही पथ्येही आवश्यक आहेत. हयात व्यक्तींची माहिती त्यांच्या संमतीवाचून कोणाला देऊ नये. वंशशोधातून जातीचा ताठा वाढत असेल तर तो शोध फसला असे समजावे. खरे पाहता चार-सहा पिढ्या मागे गेले की दुष्काळ, कर्ज, स्थलांतर, व्यवसायबदल यांच्याच कथा सर्वांच्या घरी निघतात आणि ताठा आपोआप उतरतो. स्त्रियांची नावे आवर्जून नोंदवावीत. वह्यांत आणि फेरफारात पुरुषांची मालिका अखंड दिसते, पण सून म्हणून आलेल्या मुलीचे माहेरचे नाव पुसले जाते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. मागच्या पिढ्यांतील आयांना त्यांची नावे परत देण्याचे काम कुटुंबांनीच करायचे आहे.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांतील दप्तरे मिळवीत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तोही अशाच जिद्दीतून. त्यांना जे पायी करावे लागले, त्याचा मोठा भाग आज एका मेजावर बसून होऊ शकतो. कुटुंब प्रबोधनाचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपुढे हा विषय मांडावा, मोडी जाणणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला तेथे आणून बसवावे, आणि तीर्थोपाध्यायांशी बोलून त्यांच्या वह्यांचे स्कॅनिंग त्यांच्या मालकीला आणि उपजीविकेला धक्का न लावता करून घ्यावे. वह्यांचा कागद दर पावसाळ्यात थोडा अधिक जीर्ण होतो आहे आणि आठवणी सांगणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. या कामाचा मुहूर्त पुढे ढकलण्याची चैन आता परवडणारी नाही.