वडीलधाऱ्यांच्या हाती यंत्र द्या

संगणक व मोबाइल ही तरुणांची विद्या होय, असा समज खेड्यापाड्यांतून रूढ आहे. आमच्या मते दोष वयाचा नसून शिकविण्याच्या रीतीचा आहे. वडिलांनी काही विचारले की मुलगा वा नातू यंत्र आपल्या हाती घेऊन काम उरकतो. काम होते, पण शिक्षण होत नाही. चाड्यावर मूठ धरल्यावाचून पेरणी कोणास आली आहे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी, हा तिचा हेतू. अशा कामी सदैव दुसऱ्यावर विसंबणे हिताचे नाही. गुप्त ओटीपी परक्यास सांगितल्याने बँकेतील पैसा जाण्याचेही भय असते.

म्हणून एका बैठकीत एकच काम शिकवावे. अक्षरे मोठी करून द्यावीत. टंकलेखन जमत नसल्यास माइकच्या चिन्हावर बोट ठेवून 'सोयाबीनचा आजचा बाजारभाव' असे मराठीत बोलावे. मिळालेल्या माहितीवरील तारीख, बाजार समितीचे नाव व ती प्रसिद्ध करणारी संस्था पाहण्याची सवय लावावी. कामाचा क्रम त्यांनी स्वतःच्या अक्षरांत वहीत उतरून घ्यावा. चुकले तरी यंत्र हिसकावून घेऊ नये.

भाव खरा की फुगविलेला, हे पारखण्याचा अनुभव वडीलधाऱ्यांपाशीच अधिक असतो. त्यास यंत्राची जोड मिळाल्यास लाभ साऱ्या घराचा आहे.