अंतरीचा झरा आणि गावचे तळे

गेल्या दिवाळीचा फराळ आपण नेहमीप्रमाणे चर्चच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात केला, हे वाचकांना आठवत असेलच. आणि त्या सभागृहाच्या भिंतीवर, गेल्या रविवारी गायिलेल्या गीतांचे क्रमांक दाखविणारी लाकडी पाटी तशीच टांगलेली होती व तिच्याच खाली उभे राहून आपण आरती म्हटली, हेही कोणाच्या तरी ध्यानात आले असेल. त्या पाटीकडे पाहत, हातात चकल्यांची परात धरून उभ्या असलेल्या एका स्नेह्याने, जो मूळचा नगरचा आणि ज्याच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म चार पिढ्या नांदत आला आहे, मला सहज म्हणून सांगितले, "काका, मी चर्चला जाणं सोडलं. जे शोधायचं ते आतच आहे ना? मग दर रविवारची हजेरी कशाला?"

मी तेव्हा चकली उचलली आणि विषय टाळला. परंतु प्रश्न असा होता की तो घरी आल्यावरही सुटेना, आणि म्हणून त्याचे उत्तर थोडे लांबवून या अंकात देण्याचे योजिले आहे.

पहिल्या झटक्यास माझे मन त्याच्याच बाजूचे झाले, हे कबूल केले पाहिजे. मराठी मुलखात वाढलेल्या माणसाला, देव देव्हाऱ्यात नसून देहात आहे हे कोणी निराळे शिकवावे लागत नाही. शिवाय कोणतीही धर्मसंस्था वयाने वाढली म्हणजे तिचे दप्तर वाढते, दप्तर वाढले म्हणजे कारकून वाढतात, आणि ज्याच्या नावाने हे सारे चालते त्याच्याऐवजी बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाची नोंदवही आणि दफनभूमीतील जागेचा हक्क यांचीच उठाठेव अधिक होऊ लागते. यात ख्रिस्ती मंडळींना एकट्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आमच्याकडे देवस्थानच्या वतनांवरून झालेल्या कज्ज्यांची बाडे रचली तर माझ्या गावचा, महाडचा, बाजार झाकून जाईल.

आणि हा विचार मराठी ख्रिस्ती माणसाला नवा तर मुळीच नाही. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील ज्या वाँटेज गावी बाप्तिस्मा घेतला, ते गाव पाहावयास मी काही वर्षांपूर्वी मुद्दाम गेलो होतो. चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा उभा आहे, त्याच्या पायथ्याशी कबुतरे आहेत, आणि समोरच्या चहाच्या दुकानातील बाईंना रमाबाईंचे नाव ठाऊक नव्हते. पण याच गावच्या मठातील भगिनींशी, ज्यांच्याविषयी रमाबाईंच्या मनात कृतज्ञता होती व ज्यांनी त्यांना आश्रय दिला होता, त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना आजही मनुष्य थक्क होतो. परक्या देशात, एका लहान मुलीसह, परावलंबी अवस्थेत असलेली ही विधवा स्त्री, त्रैक्याचा सिद्धान्त आपणास पटल्यावाचून तो आपण तोंडाने म्हणणार नाही असे निक्षून सांगते. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या संस्कृताने काय पाप केले आहे, असे विचारते. आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात तिने पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये असे बिशप लोक सुचवितात तेव्हा त्या सूचनेसही मान तुकवीत नाही. ख्रिस्तास तिने स्वामी मानले होते. पण आपल्या विवेकाची मुखत्यारी तिने कोणाही मठाच्या किंवा धर्माध्यक्षाच्या नावाने लिहून दिली नव्हती.

इतकेच नव्हे, तर पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी एक विलक्षण कबुली दिली आहे: बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणास कळले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. माझ्या स्नेह्याच्या प्रश्नाचे याहून भेदक रूप मला तरी ठाऊक नाही. मात्र हे कळल्यावर रमाबाई कोठे गेल्या, हेही पाहिले पाहिजे. त्या १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून उपाशी मुली व स्त्रिया गोळा करून आणू लागल्या. त्यांच्यासाठी केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. आणि आयुष्याच्या अखेरीस हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा स्वतः शिकून बायबलाचे जे सोपे मराठी भाषांतर त्यांनी केले, आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, प्रसिद्ध झाले, तेही अल्पशिक्षित बाईमाणसाला कळावे म्हणूनच केले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट याहून सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. आपल्याच कोकणातल्या करजगावचा हा कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत राहिला, आणि अखेर १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनशी असलेला संबंध सोडून त्याने साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना सारखीच मुभा होती. समिती नाही, मिशन नाही, दरबार! हा शब्दच मराठी कानाला किती मोकळा वाटतो; दरबारात फिर्याद घेऊन कोणीही उभा राहू शकतो. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले; दरबार मांडून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. पण त्या घरात मला टिळकांहून अधिक लक्ष्मीबाईंचे कौतुक वाटते. नवरा ख्रिस्ती झाला तरी या बाईंनी आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वर्षानुवर्षे निराळे ठेविले, आणि जातीचा हा विटाळ खोटा आहे हा निर्णय जेव्हा केला तेव्हा तो कोणा पाद्र्याच्या उपदेशाने नव्हे, तर स्वतःच्या मनाशी विचार करून केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. त्यांच्या बाबतीत अंतरीचे सत्य प्रथम पाण्याच्या घागरीवर उतरले.

आणि पाण्याचा विषय निघाला म्हणजे महाडकराला गप्प बसता येत नाही.

महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर व महाड यांवरून वाहणारी आमची सावित्री बाणकोटास समुद्राला मिळते, आणि त्याच बाणकोटास १८२३ साली स्कॉटिश मिशनच्या पाद्र्यांनी तळ देऊन शाळा काढल्या होत्या. नदीच्या मुखाशी आलेला तो धर्म वर महाडपर्यंत फारसा चढला नाही. आम्हास त्याची गरजही वाटत नव्हती, कारण आमच्याजवळ अध्यात्म मुबलक होते. शिवथरच्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला असे परंपरा मानते, ती घळ आमच्याच मुलखात आहे. माझे आजोबा रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचीत, आणि सर्वांभूती एकच परमेश्वर भरला आहे असे सांगताना त्यांचे डोळे पाणावत. ते ढोंगी नव्हते, हे मी नातू म्हणून नव्हे तर साक्षीदार म्हणून सांगतो. आमचे घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने ते तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला, पण अस्पृश्य मानलेल्यांपैकी पाण्याला कोणी हात लावू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. आणि त्यानंतर गावाने शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून त्या तळ्याची शुद्धी केली. त्यांपैकी एक घागर आमच्या ओटीवरून गेली होती की नाही, हे मी आजीला लहानपणी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिने मला निराळ्याच कामाला पाठविले.

यामुळे 'सत्य आत आहे' हे वाक्य ऐकले की मी थोडा सावध होतो. आजोबांच्याही आत ते होतेच. ज्या गावात घरोघरी अंतर्यामीच्या ईश्वराचे पारायण होत होते, त्याच गावाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेचा ठराव मागे घेतला. त्याच गावच्या काही गृहस्थांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला, व तळे खासगी आहे आणि ही वहिवाट अनादि आहे अशी कैफियत मांडून तो दावा मुंबई हायकोर्टापर्यंत नेला. तेथे तो १७ मार्च १९३७ रोजी फेटाळला गेला. म्हणजे अंतःकरणातील प्रकाशाने जे शतकानुशतके केले नाही, ते करण्यास सत्याग्रह लागला, सभा लागली, ठराव लागला, कोर्ट लागले. थोडक्यात, ज्यांना आपण बाहेरचे व म्हणून हलके समजतो ते सारे लागले. अंतरीचे सत्य खोटे होते असे नाही. त्याला कोणी प्रश्न विचारणारे नव्हते, आणि ज्याला कोणी प्रश्न विचारीत नाही ते सत्य मालकाच्या सोयीप्रमाणे वागू लागते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात, देवाचे राज्य केव्हा येणार असे परूशी विचारतात, तेव्हा येशू जे उत्तर देतो त्यातील 'एन्तोस' या ग्रीक शब्दावर विद्वानांचा वाद जुना आहे. काही म्हणतात, ते राज्य माणसाच्या आत आहे, आणि टॉलस्टॉयने तर हाच अर्थ घेऊन आपल्या ग्रंथाचे नाव ठेविले; इतर म्हणतात, ते माणसामाणसांच्या दरम्यान आहे. इंग्रजीला येथे दोहोंतून एक शब्द निवडावा लागतो. मराठीला निवडावे लागत नाही: 'तुमच्यामध्ये' म्हटले की काम झाले. आपल्या भाषेने न मागता दिलेली ही सवलत सोडून देणे शहाणपणाचे नाही. इंग्लंडातील क्वेकर मंडळी, ज्यांनी सतराव्या शतकापासून पाद्री, वेदी, बाप्तिस्मा सारे बाजूस सारून अंतरीच्या प्रकाशावरच भिस्त ठेविली, तीसुद्धा तो प्रकाश शोधण्यासाठी रविवारी एका खोलीत एकत्र येऊन मुकाट बसतात. एकट्याने घरी बसता आले नसते काय?

महाडजवळ गांधारपाले येथे डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. खाली गांधारी व सावित्री यांचा संगम व पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी भाताची खाचरे दिसतात. शाळेतून आम्हास तेथे नेत, आणि मुले म्हणून आम्ही भिक्षूंच्या खोल्यांत लपाछपी खेळत असू. खोली म्हणजे काय, तर एक माणूस जेमतेम मावेल एवढी कोरीव पोकळी आणि आत निजण्यासाठी दगडी ओटा. परंतु मोठ्या विहारातील खोलीला बाहेर रानात उघडणारे स्वतंत्र दार नाही; तेथील खोलीचे दार मधल्या सामाईक मंडपातच उघडते. ध्यान करावयाचे ते एकट्याने, पण दाराबाहेर पाऊल टाकले की संघ. ज्या गौतमाने शिष्यांना स्वतःचाच दिवा होण्यास सांगितले त्यानेच संघही स्थापिला, आणि डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरास दीक्षा घेतली तीही लाखोंच्या समुदायासह. लपाछपीत हरलेल्या मुलाला मंडपातूनच बाहेर यावे लागे, एवढे तेव्हा कळत होते.

तेव्हा माझ्या स्नेह्याला माझे उत्तर असे: प्रार्थनेची हजेरी सोडलीस त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. जो सिद्धान्त पटत नाही तो तोंडाने म्हणू नये, हे रमाबाईंचेच शास्त्र आहे. परंतु ज्या दाराने बाहेर पडलास ते दार कोणत्या मंडपात उघडते, एवढे पाहा; ते नुसते दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीकडे उघडत असेल तर चर्चच बरे होते.

हे मी त्याला फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "काका, रविवारी जात नाही, गुरुवारी जातो." त्याच सभागृहात, त्याच पाटीखाली, दर गुरुवारी संध्याकाळी गरजू कुटुंबांना शिधा वाटतात, आणि गेली दोन वर्षे हा गृहस्थ तेथे पिठाच्या व डाळीच्या पिशव्या भरीत आहे. मला हे ठाऊक नव्हते; आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसावे. माणसे कमी पडतात, असे त्याने सांगितले. येत्या गुरुवारी मी जाणार आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी साडेपाचला मागच्या दाराशी यावे, आणि जमल्यास रिकाम्या कापडी पिशव्या आणाव्यात.